ऐकू न येणाऱ्या चुका

आमच्या इमारतीत लिफ्टच्या दाराशेजारी एक कागद लावलेला होता. तळमजल्यावरच्या ग्रीक आजींनी. ब्रसेल्समध्ये कचऱ्याच्या पिशव्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळेनंतरच फुटपाथवर ठेवायच्या असतात, आणि वरच्या मजल्यावरचं कुणीतरी त्या भरदुपारीच आणून टाकत होतं. मग रात्री कोल्हे येणार (हो, या शहरात कोल्हे आहेत आणि ते राजरोस फिरतात), पिशव्या फाडणार, आणि सकाळी कोंबडीची हाडं नि ओल्या टी-बॅगा आजींच्या खिडकीखाली पसरलेल्या. आजींनी चौकटीच्या वहीचं पान फाडून त्यावर निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरांत, अगदी सभ्य फ्रेंचमध्ये विनंती लिहिली होती. काही दिवसांनी पाहते तर कागदावर कुणीतरी लाल पेन चालवलेलं. एका क्रियापदाच्या शेवटी ई आणि एस अशी दोन अक्षरं वाढवलेली. दुसऱ्या एका ई-च्या डोक्यावर टोपी (^ अशी खूण) चढवलेली. आणि समासात एक छोटीशी उभी रेघ, शाळेत बाई मारतात तशी. सही नाही, नाव नाही. पिशव्या पूर्वीसारख्याच दुपारी बाहेर.

मला ते खुपत राहिलं. कारण तो कागद कुणी मोठ्यानं वाचून दाखवला असता तर त्यात एकही चूक नव्हती. ती दोन अक्षरं फ्रेंच माणूस उच्चारतच नाही. ती टोपीही त्या शब्दात कानाला कळत नाही. म्हणजे आजींच्या चुका फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या, आणि ज्यानं कुणी त्या दुरुस्त केल्या त्याला कोल्ह्यांपेक्षा त्यांचा त्रास जास्त झाला होता.

फ्रेंचमध्ये ‘काढलेला, केलेला, खाल्लेला’ असल्या रूपांना लिंग-वचन सांभाळावं लागतं. हे ऐकून मराठी माणसानं दचकायचं कारण नाही, आपणही तेच करतो. मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पोहे खाल्ले. कर्म बदललं की क्रियापद बदलतं, आणि शाळेत न गेलेलं पोरही यात चुकत नाही. चुकलंच तर घरातले हसतात आणि तिथल्या तिथे ते सुधारतं. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं तर ‘खाल्लं’ हे रूप त्या कर्माप्रमाणे चालवायचं आणि कर्म मागून आलं तर नाही चालवायचं, असा आणखी एक पेच आहे. पण खरी गोम वेगळीच. बहुतेक क्रियापदांत हे चालवणं कागदावरच राहतं. तोंडातून खाल्ला, खाल्ली, खाल्ले, खाल्ल्या सगळं एकसारखं बाहेर पडतं. हा नियम सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो नावाच्या कवीनं इटालियनच्या धर्तीवर मांडला. मारोनं इटलीहून दोन गोष्टी आणल्या, गुप्तरोग आणि हा नियम, आणि नुकसान दुसऱ्या गोष्टीनं जास्त केलं, असं एक खवचट वाक्य वॉल्तेरच्या नावावर खपतं. २०१८ साली बेल्जियममधल्याच दोन शिक्षकांनी या नियमाचा पेच तरी सोडवा, शाळेतले ते तास दुसऱ्या कशाला तरी द्या, असं पॅरिसच्या वर्तमानपत्रात लिहिलं, तर केवढा गदारोळ झाला.

लेकीच्या शाळेत ‘दिक्ते’ असते. बाई वाचतात, मुलं ऐकून लिहितात. घरी सरावाला मी वाचायला बसते आणि माझ्याच लक्षात येतं की कागदावरचं अर्धं मी म्हणतच नाहीये. पाण्याला तीन अक्षरं, ई-ए-यू, आणि उच्चार नुसता ‘ओ’. पक्ष्याला सहा अक्षरं, उच्चार ‘वाझो’, आणि सहांपैकी एकही आपल्या नावाला जागत नाही. हिरवा, काच, किडा आणि कवितेची ओळ, चौघांचा उच्चार एकच ‘व्हेर’ आणि चौघांचं लेखन वेगळं. लेक पेन्सिल चावत विचारते, ‘आई, कुठला व्हेर?’ आणि मी सांगते की वाक्य पुरं ऐक, मग कळेल. कळतंही. म्हणजे अर्थ वाक्यातून कळत असतोच, लेखनावाचून त्याचं काही अडत नसतं. तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात १८५७ साली लेखक मेरिमेनं अशीच एक अवघड दिक्ते घातली होती, तीत खुद्द सम्राटाच्या पंचाहत्तर चुका झाल्या आणि ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख फक्त तीन चुका करून पहिला आला, असं सांगतात. ही गोष्ट फ्रेंच लोक आनंदानं सांगतात. सम्राटालाही जी येत नाही ती भाषा आपली, यात त्यांना कुठेतरी गुदगुल्या होत असाव्यात.

आणि ती टोपी. ती जिथे दिसते तिथे बहुतेक वेळा पूर्वी एक एस होता, तो बोलण्यातून गळून गेला. जंगल, इस्पितळ, बेट, सण, या सगळ्या फ्रेंच शब्दांच्या डोक्यावर ती आहे. इंग्रजांनी ते शब्द उचलले तेव्हा एस जागेवर होता, म्हणून त्यांच्या फॉरेस्टमध्ये नि हॉस्पिटलमध्ये तो अजून ऐकू येतो. १९९० साली फ्रान्समध्ये सुचवण्यात आलं की आय आणि यू या अक्षरांवरची टोपी, जिथे तिच्यावाचून अडत नाही तिथे, काढली तरी चालेल. सक्ती कुठेच नव्हती. कांदा या शब्दातला एक फुकटचा आय काढायलाही परवानगी दिली. पंचवीसेक वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१६ साली पाठ्यपुस्तकांत ते येणार अशी बातमी फुटली आणि माणसं टोपीच्या बचावासाठी अशी उठली की जणू कुणी नोटर दामचा मनोराच पाडायला निघालं होतं.

यामागे एक जुनी वृत्ती आहे. भाषेवर देखरेख ठेवणारी फ्रेंच अकादमी १६३५ ची. तिच्या पहिल्या शब्दकोशाची तयारी चालू असताना, १६७३ साली, मेझरे नावाच्या सभासदानं लेखनाबद्दल एक टिपण केलं. त्यात तो आडपडदा न ठेवता म्हणतो की जुनंच लेखन पसंत करावं, कारण त्यामुळे शिकलेली माणसं अडाण्यांपासून आणि साध्यासुध्या बायकांपासून वेगळी ओळखू येतात. त्या जुन्या लेखनातला मोठा भाग ग्रीकचा मान राखण्यासाठी होता. तत्त्वज्ञान लिहिताना एफ चालणार नाही, पी-एच हवेत, कारण ग्रीकमध्ये तिथे ‘फी’ आहे. नाटकगृहात टी-नंतर एच हवाच, कारण तिथे ‘थीटा’ आहे. इटालियन लोकांनी हे सगळं कधीच काढून टाकलं, एफ आणि टी लिहून मोकळे झाले. फ्रेंचांनी जपलं, इतकं की त्यांच्या मुळाक्षरांत वाय-चं नावच ‘ई ग्रेक’, ग्रीक ई. आणि आता कुणी तळमजल्यावरच्या ग्रीक बाईचं लेखन लाल पेनानं तपासत होतं.

आजींना आम्ही याया म्हणतो. ग्रीकमध्ये आजीला तेच म्हणतात. १९५६ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या कोळशाच्या खाणीत आग लागून २६२ माणसं मेली, त्यांतली निम्म्याहून जास्त इटालियन. इटलीनं आपली माणसं पाठवणं थांबवलं, तेव्हा बेल्जियमनं ग्रीसशी करार केला आणि तिथल्या डोंगरी गावांतून तरणी पोरं खाणीत उतरायला येऊ लागली. यायांचा नवरा त्यांतला. त्या मागून आल्या. पुढे खाणी बंद पडत गेल्या तेव्हा ते ब्रसेल्सला आले आणि दक्षिणेकडच्या मोठ्या स्टेशनाजवळ त्यांनी खानावळ टाकली. यायांचं फ्रेंच सगळं कानानं आलेलं. खाण-वसाहतीतल्या शेजारणींकडून, मंडईतून, गिऱ्हाइकांकडून. सत्तरला त्या बेल्जियन पद्धतीनं ‘सेप्तांत’ म्हणतात, पॅरिसवाल्यांसारखं ‘साठ-दहा’ म्हणत नाहीत. ऐंशीला मात्र इथेही ‘चार विसा’च. हे मी पहिल्यांदा शिकले तेव्हा हसू आलं होतं, कारण आमच्याकडे कोंबडीची अंडी विकायला येणारी म्हातारी असंच मोजायची.

त्यांच्या घरात लिंबाचा, उकडलेल्या पालेभाजीचा आणि छोट्या दांड्याच्या भांड्यात उकळणाऱ्या कॉफीचा वास असतो. फोन वाजला आणि ओळखीचा असला तर त्या ‘हॅलो’ म्हणत नाहीत, ‘एला!’ म्हणतात, म्हणजे ये. ‘ने’ म्हटलं की हो, ही एक कायमची पंचाईत. आणि नाही म्हणायचं तर शब्दही लागत नाही. मान किंचित मागे झुकते, भुवया वर जातात आणि जिभेनं ‘च्क’. आमच्याकडच्या सगळ्या आत्या-मावश्या हे ‘च्क’ असंच करतात. मला त्या ‘कोरित्सी मू’ म्हणतात, माझ्या पोरी. आणि हा मुलगी शब्द ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी! फ्रेंचमध्ये दोनच लिंगं, तिथे खुर्ची ती आणि टेबलही ती हे पाठ करत बसावं लागतं. ग्रीकमध्ये तीन, तो-ती-ते. मूल ते, पोर ते. शिवाय विभक्त्या आहेत, हाक मारताना नाव बदलतं, योर्गोसला हाक मारायची तर ‘योर्गो!’. कुठे परकं वाटलंच नाही. लिपीही आपण दहावीपर्यंत अर्धी शिकलेलोच असतो. साइन थीटा, पाय आर स्क्वेअर, अल्फा बीटा गॅमा. मी यायांच्या घरातल्या तेलाच्या डब्यावरची अक्षरं वाचायला लागले तेव्हा भूमितीचं पुस्तक वाचल्यासारखं वाटत होतं, आणि तरीही वाचता येत होतं. ग्रीक अक्षरं एकदा कळली की समोरचा कुठलाही शब्द बरोबर वाचता येतो. जोर कुठे द्यायचा तेही वर तिरक्या रेघेनं दाखवलेलं असतं. रेघ पहिल्या अक्षरावर असली तर ‘पोते’ म्हणजे कधी, दुसऱ्यावर असली तर कधीच नाही. ही एक रेघ आईला किंवा प्रियकराला किती महत्त्वाची वाटेल ते सांगायला नको.

उलट दिशेनं मात्र, म्हणजे ऐकून लिहायचं झालं, तर ग्रीकही काही कमी नाही. आजच्या ग्रीकमध्ये ‘ई’ हा एकच आवाज सहा तऱ्हांनी लिहितात. पूर्वी त्या सहांचे आवाज वेगळे होते, हळूहळू सगळे घसरत ‘ई’वर येऊन थांबले. त्यातून एक गंमत झाली. जुन्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ हे दोन वेगळे शब्द, पण पहिले स्वर घसरले आणि दोन्हींचा उच्चार ‘इमीस’ झाला. आम्ही म्हणतोय की तुम्ही, काही कळेना. शेवटी लोकांनी बोलता बोलता ‘एमीस’ आणि ‘एसीस’ अशी नवी सर्वनामं पाडली. फ्रेंचनं असल्या वेळी लेखनाकडे बोट दाखवलं असतं.

यायांची ग्रीक चिठ्ठी मी पहिल्यांदा पाहिली ती फ्रिजवर. सामानाची यादी. जवळजवळ प्रत्येक शब्दावर काही ना काही. कुठे स्वल्पविरामासारखं चिन्ह, कुठे ते उलटं, कुठे लाटेसारखी रेघ, कुठे एकाच स्वरावर दोन-दोन. तेलाच्या डब्यावर तर असलं काही नव्हतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, आम्ही असंच शिकलो. ही चिन्हं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियातल्या विद्वानांनी काढली, जुन्या काव्याचे सूर आणि शब्दारंभीचा हकार नीट कळावा म्हणून. पुढे पाच-सहा शतकांत ते सूर गेले, हकारही गेला. चिन्हं राहिली. दीड हजार वर्षं ग्रीक पोरं कानाला न ऐकू येणाऱ्या हकाराची खूण शब्दागणिक पाठ करत राहिली. अखेर १९८२ साली ती सगळी कायद्यानं गेली आणि फक्त एक तिरकी रेघ उरली, जी खरोखरच ऐकू येते. त्या उन्हाळ्यात याया गावी गेल्या तेव्हा भाचरांच्या वह्या पाहून त्यांना कसंसंच झालं. ‘शब्द उघडे वाटत होते,’ म्हणाल्या. आणि लगेच, ‘पण पोरांना मार कमी बसत असणार.’

मला आजोबांची पत्रं आठवली.

अंतर्देशीय पत्रं, निळी, तिन्ही घड्यांवर गच्च लिहिलेली. ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘नाहीं’. शब्दांवर टिंबंच टिंबं. लहानपणी वाटायचं की आजोबांच्या पेनातून शाई गळते. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, आजोबांनी मात्र ते शेवटपर्यंत काढले नाहीत. त्या टिंबांना अर्थ होता. ‘तें’ म्हणजे ते घर आणि ‘ते’ म्हणजे ते लोक, हा फरक टिंब दाखवत होतं. आज दोन्ही ‘ते’. ‘मीं’ वर टिंब असलं तर मी काहीतरी केलेलं असायचं. आणि ती टिंबं सगळीकडेच मुकी नव्हती. मालवणकडे ‘खंय’ नि ‘थंय’ नाकातूनच येतात, गोव्यात तर ‘तें’ आजही स्वच्छ ऐकू येतं. पुण्या-मुंबईच्या नाकातून जे गेलं ते नियमानं मुकं ठरलं. मजा पुढेच आहे. ‘केलें’वरचं टिंब काढलं आणि ‘केले’ केलं, पण माणसं बोलतात ‘केलं’, तेव्हा ते लिहायला पुन्हा टिंबच आणलं. हे आताचं टिंब नाकातलं नाही, नुसता अ लांबवल्याची खूण आहे. या लेखात ते जागोजाग पडलंय. आजोबा असते तर म्हणाले असते, मग आमचं काय वाईट होतं?

ग्रीक लोकांचं भांडण मात्र टिंबा-रेघांपुरतं नव्हतं. कुठली ग्रीक लिहायची, हाच प्रश्न दीडेकशे वर्षं धुमसत होता, आणि त्याचे दोन्ही म्होरके पॅरिसमध्ये बसलेले. अदामान्तिओस कोराईस स्मिर्नाचा, वैद्यक शिकला मोंपेलिएला, आणि १७८८ पासून १८३३ ला मरेपर्यंत पॅरिसात राहिला. राज्यक्रांती त्यानं डोळ्यांनी पाहिली. ग्रीस स्वतंत्र होणार तर त्याची भाषाही तुर्की-इटालियन शब्दांतून धुऊन काढली पाहिजे, जुन्या वळणावर नेली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यातून ‘काथारेवुसा’ म्हणजे शुद्ध केलेली भाषा उभी राहिली. पुढे १८८८ मध्ये याच शहरातल्या पौर्वात्य भाषांच्या विद्यालयाशी नातं जोडलेल्या यानिस प्सिखारिसनं एक प्रवासवर्णन लिहून ती शुद्ध भाषा झुगारली आणि लोक बोलतात तीच ग्रीक छापली पाहिजे असा झेंडा लावला. प्सिखारिस तर फ्रेंच विचारवंत अर्नेस्त रनांचा जावई, घरात फ्रेंचच. मला वाटतं दोघांच्याही डोक्यात फ्रेंचच होती. एकाला हवी होती तिच्यासारखी घासूनपुसून ठेवलेली भाषा. दुसऱ्याला दिसत होतं की फ्रान्सनं लॅटिनचा हात सोडला म्हणूनच फ्रेंच मोठी झाली.

आणि या भांडणाचं एक टोक मुंबईत आहे. राली ब्रदर्स ही खिऑस बेटावरून आलेल्या ग्रीक कुटुंबाची पेढी, कापसाच्या व्यापारातलं एकेकाळचं फार मोठं नाव. कीटकनाशकांच्या डब्यांवर ‘रॅलीज’ हे नाव आपल्या शेतकऱ्यांना अजून रोजचं आहे. या पेढीच्या नोकरीत अलेक्झांड्रोस पालीस काही वर्षं मुंबईत होता. कापसाचा हिशेब ठेवणारा हा माणूस होमरचं इलियड बोलीभाषेत आणत होता. त्याचा मित्र एफ्तालिओतिस, तोही त्याच पेढीतला, तोही बोलीचा कैवारी. कार्ल्याच्या लेण्यात खांब दान देणारे धेनुकाकटचे यवन, म्हणजे त्या काळचे ग्रीक, आपली नावं प्राकृतात कोरून मोकळे झाले. हे नंतरचे यवन मात्र मुंबईच्या उकाड्यात आपल्या आयांची बोली कागदावर कशी उतरवायची याचा विचार करत होते. १९०१ साली पालीसनं केलेलं शुभवर्तमानाचं बोलीतलं भाषांतर अथेन्सच्या ‘अक्रोपोलिस’ वर्तमानपत्रात क्रमशः येऊ लागलं, तर विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ख्रिस्ताचे शब्द बाजारू भाषेत कसे? गोळीबार झाला, आठ माणसं मेली, सरकार पडलं. एका भाषांतरापायी. बोलीभाषा शाळांत आणि कचेऱ्यांत यायला १९७६ उजाडलं, आणि ते करणारा शिक्षणमंत्री योर्गोस रालिस, तेच आडनाव.

यायांची शाळा त्या शुद्ध भाषेतली. घरी भाकरी म्हणजे ‘प्सोमी’, पुस्तकात ‘आर्तोस’. घरी मासा ‘प्सारी’, पुस्तकात ‘इख्थीस’. ‘आम्हाला वाटायचं, पुस्तकातली माणसं जेवतात ते काहीतरी वेगळंच असेल,’ असं त्या एकदा पालकाचा पाला निवडता निवडता म्हणाल्या. बेकरीच्या पाटीवर अजून तो ‘आर्तो’ आहे, आत जाऊन मागायची मात्र प्सोमीच. आपल्याकडे पाटीवर उपाहारगृह आणि तोंडात हॉटेल, त्यामुळे मला ते समजायला वेळ लागला नाही.

फ्रेंच आणि ग्रीक एकमेकींकडून जे घेतात ते कसं फिरून येतं, याची मला खरी मौज वाटते. ज्या सोफ्यावर बसून आम्ही कॉफी पितो त्याला याया ‘कानापेस’ म्हणतात. तो फ्रेंच ‘कानापे’. आणि तो फ्रेंच शब्द मुळात जुन्या ग्रीकमधल्या मच्छरदाणीच्या पलंगाचा, लॅटिनमधून गेलेला. ‘बुटीक’ म्हणजे ग्रीक ‘आपोथीकी’, वखार. ती पॅरिसला जाऊन झगमगीत दुकान होऊन परत आली आणि वखारही जागच्या जागी आहे. किलोचं तर काय सांगावं. १७९५ मध्ये फ्रेंच क्रांतिकारकांनी नवी मापं ठरवली, मोठ्या मापांना ग्रीक उपपदं दिली, लहानांना लॅटिन. किलो, हेक्टो, डेका हे ग्रीक. डेसी, सेंटी, मिली हे लॅटिन. ग्रीकमध्ये हजार म्हणजे ‘खिल्या’; त्याचं फ्रेंचांनी ओढूनताणून ‘किलो’ केलं. आज अथेन्सच्या आठवडी बाजारात बाई ‘एना किलो’ टोमॅटो मागते तेव्हा आपलाच हजार ती परक्या उच्चारात मागत असते. आमच्या लहानपणी गणिताच्या तासाला किलो-हेक्टो-डेका एका दमात म्हणून दाखवायची चढाओढ असायची. त्या ओळीत अर्ध्यावर भाषा बदलते हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि कळलं असतं तरी आम्ही म्हणायचा वेग कमी केला नसता.

मी यायांना विचारलं होतं की त्या लाल पेनाचं तुम्हाला वाईट वाटलं का. त्यांनी ते ‘च्क’ केलं. मग म्हणाल्या, फ्रेंच लोकांची भाषा त्यांच्या घरातल्या चांगल्या खोलीसारखी आहे, पाहुण्यानं चपला कुठे काढायच्या ते लिहून ठेवलेलं नसतं पण चुकलं की सगळे बघतात. मला मात्र वाटतं की प्रश्न फ्रेंच लोकांचा नाही. लाल पेन आपल्याकडेही खिशात असतंच. ‘पाणि’ पाहिलं की माझाही डोळा अडखळतो. शेवटची वेलांटी ऱ्हस्व काढा नाही तर दीर्घ, ऐकणाऱ्याला काडीचा फरक पडत नाही, हे मला कळतं. तरीही तो अडखळतो. ज्यानं वर्षानुवर्षं छड्या खाऊन एखादी गोष्ट शिकलेली असते त्याला ती नंतर कुणाला फुकट मिळालेली बघवत नाही. पण त्याखेरीजही काही असावं. टोपीमध्ये गेलेला एस आहे, टिंबात गेलेलं नाक आहे, आणि वाचताना ते नकळत डोळ्यांत भरतं. मला स्वतःला ग्रीकांची १९८२ ची रेघ पटते, जे ऐकू येतं त्याचीच खूण ठेवावी. आणि तरी आजोबांच्या ‘नाहीं’वरचं टिंब कुणी पुसलं तर मला चालणार नाही.

यायांचा नातू इथलाच, सतरा-अठराचा, घरी ग्रीक, बाहेर फ्रेंच. फोनवर दोन्ही भाषा रोमन अक्षरांत बडवतो. त्याचं फ्रेंच बघून अकादमीतल्या चाळीसही जणांना झीट येईल. ‘नवीन काय’ असं विचारायचं तर के-ओ-आय, मग दोनचा आकडा, मग नवाचा. फ्रेंचमध्ये नऊ आणि नवा एकच शब्द, आपल्या संस्कृत ‘नव’सारखा. ई गेली, एस गेला, टोप्या गेल्या, जे ऐकू येतं तेवढंच उरलं. ग्रीक मात्र तो वेगळ्याच तऱ्हेनं लिहितो. ‘कालिमेरा’मधल्या ‘ई’साठी तो आय वापरत नाही, एच वापरतो, कारण तिथे ग्रीकमध्ये जे अक्षर आहे ते थोडंफार एच-सारखं दिसतं. ओमेगासाठी डब्ल्यू, थीटासाठी आठाचा आकडा. म्हणजे सहा ‘ई’ या पोरानं रोमनमध्येही जसेच्या तसे उचलून नेलेत. मी म्हटलं, अरे, आय लिही की सरळ, कुणाला कळणार आहे? तो फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, ‘चुकीचं दिसतं ते.’

‘सगळंच चुकीचं आहे,’ याया स्वयंपाकघरातून ओरडल्या.